प्लॅनर ठरवायच्या आधी त्याचं एक लग्न मागच्या बाजूनं बघून या

तुमचा प्रश्न नीट वाचला. बहिणीचं लग्न मे २०२६ च्या पहिल्या आठवड्यात, तुम्ही पुण्यात नोकरीला, घरचे तासगावकडं बागेत अडकलेले, पाव्हणे कराडचे, हजार-बाराशे माणूस, आणि हातात तीन कोटेशन्स. एक पुण्याच्या प्लॅनरचं, एक सांगलीतल्याचं, तिसरं कार्यालयवाल्याचं स्वतःचं पॅकेज. तिघांचे आकडे वेगळे, फोटो सगळ्यांचेच छान, मग यातला कुठला घ्यायचा.

मी मिरजेची. आईबरोबर रुखवत मांडायला जायची, तिथनं या कामात आले आणि आता अठरा वर्षं झाली. सांगली, तासगाव, आष्टा, विटा, जत, तिकडं कराडपर्यंत लग्नं केलीत. त्या अनुभवावर सांगते, कोटेशन बघून प्लॅनर कळत नाही आणि इन्स्टाग्राम बघून तर अजिबातच कळत नाही. स्टेजचा फोटो सकाळी नऊला काढतात, माणूस यायच्या आधी, तेव्हा सगळंच चांगलं दिसतं. तुम्हाला बघायचंय ते दुपारी दोनला काय चाललंय ते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, ज्याला काम द्यायचं त्याचं चालू असलेलं एक लग्न बघून या, आणि ते मागच्या बाजूनं बघा. त्याला तसं स्पष्ट विचारा, "तुमचं पुढचं काम कुठंय, मी तासभर येऊन बघू का, जेवायचं नाही, फक्त बघायचंय." जो हो म्हणतो आणि त्या घरच्यांची परवानगी काढून तुम्हाला वेळ देतो, त्याच्याशी पुढं बोला. जो "आमच्याकडं तसं चालत नाही, व्हिडिओ पाठवतो" म्हणतो त्याच्याशी मी तरी पुढं बोलणार नाही.

आता मागच्या बाजूला जाऊन काय बघायचं ते सविस्तर सांगते कारण खरी गोष्ट इथंच आहे.

पहिलं भटारखाना. आचारी कुठलाही असू दे, पण सिलिंडर कुठं ठेवलेत बघा, मंडपाच्या कापडाला लागून भट्टी आहे का, आग विझवायचं नळकांडं तिथं हाताशी आहे का कुठंतरी गाडीत आहे. पिण्याच्या पाण्याचे जार किती आणि भांडी धुवायचं पाणी वेगळं आहे का. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मठ्ठा आणि श्रीखंड बर्फात आहे का उन्हात टोपलं झाकून ठेवलंय, हे बघायला कुठलं शिक्षण लागत नाही. केटरर्सकडं एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर आहे का हेही विचारा, तो असायलाच पाहिजे, आणि प्लॅनरला तो न शोधता सांगता आला पाहिजे.

दुसरं, वाढपी. किती आहेत मोजा. मी पंगतीला वीस-पंचवीस पानांमागं एक माणूस धरते, त्याच्याखाली गेलं की भात पोचेपर्यंत भाजी संपलेली असते आणि पाव्हणे मान वर करून बघत बसतात. बुफे असेल तर काउंटर किती आणि ते दोन्ही बाजूंनी उघडे आहेत का. बाराशे माणूस आणि दोन काउंटर असं मी बघितलंय, तिथं रांग लॉनच्या गेटपर्यंत गेली आणि म्हातारी माणसं न जेवता परत गेली. घरच्यांना ते चार दिवसांनी कळलं, दुसऱ्याच कुणाकडनं तरी.

तिसरं, जानोसा. नवऱ्याकडची माणसं जिथं उतरलीत तिथं प्लॅनरचा माणूस आहे का? चहा, आंघोळीचं गरम पाणी, आरसा, साड्या नेसायला दाराला आतनं कडी असलेली एक खोली. भांडणं स्टेजवर होत नाहीत, जानोशावर सुरू होतात आणि स्टेजवर दिसतात. सकाळी सातला वरमाईला चहा मिळाला नाही तर त्याचा हिशोब दुपारी सुनमुखाच्या वेळी चुकता होतो. आणि बायकांचं टॉयलेट दुपारी तीनला जाऊन बघा. पाणी आहे का, कुणी साफ करणारं तिथं उभं आहे का. तुम्ही पुरुष आहात म्हणून आईला किंवा मावशीला घेऊन जा, त्या दोन मिनिटांत सांगतील.

चौथं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नवरीची आई कुणाकडं बघतीये. काहीतरी कमी पडलं, हार सापडत नाही, अंतरपाट गाडीत राहिला, करवली रुसली, अशा वेळी ती जर प्लॅनरच्या माणसाला नावानं हाक मारतीये आणि तो पळत येतोय, तर काम चांगलं चाललंय. आणि ती जर स्वतः पदर खोचून पळतीये, तर त्या घरानं पैसे कशाचे दिले? नवरी जेवली का हेही विचारा कुणालातरी. सकाळी पाचला उठलेली पोरगी, मेकअप झाला म्हणून काही खात नाही, अक्षता पडेपर्यंत चक्कर येते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता माझ्या वेळेच्या तक्त्यात "नवरीला नाष्टा" अशी वेगळी ओळच असते आणि तिच्यासमोर माझ्या माणसाचं नाव असतं.

आणि शेवटच्या पंगतीपर्यंत थांबा. पहिल्या पंगतीला सगळं असतंच. शेवटच्या पंगतीला जिलेबी आहे का, का नुसता भात-आमटी उरलीये, तिथं प्लॅनरचा अंदाज कळतो. शेवटच्या पंगतीला घरचीच माणसं असतात, ड्रायव्हर असतात, वाजंत्री असतात. त्यांना काय मिळतंय ते बघा.

आता तुमच्या तारखेचं. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आलाय, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात आपल्याकडं लग्न करत नाहीत, म्हणजे दरवर्षी मे अखेर आणि जूनला होणारी लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली जाणार. २०२४ ला गुरू-शुक्राच्या अस्तामुळं मे-जून जवळजवळ मोकळे गेले होते, तेव्हा आम्ही हे अनुभवलंय, आधीच्या तारखांना एकेका मंडपवाल्यानं चार-चार ठिकाणी सामान पाठवलं आणि कुठंच धड लावलं नाही. त्यामुळं तुमच्या प्लॅनरला पहिला प्रश्न हा विचारा, "त्या तारखेला तुमच्याकडं अजून किती लग्नं आहेत?" दोन असली तर लगेच नाही म्हणू नका, दोन टीम असतील तर होतं. पण आमच्याकडं कोण उभं राहणार, त्याचं नाव काय, तो आमच्या घरी एकदा तरी येऊन गेला का, हे लिहून घ्या. बोलायला गोड मालक येतो आणि लग्नाच्या दिवशी टी-शर्ट घातलेली दोन कॉलेजची पोरं येतात, ज्यांना तुमचे मामा कोण आणि व्याही कोण हे माहीत नसतं. ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते.

मेचा पहिला आठवडा म्हटलं की वळीव पण धरायला लागतो. माझीच एक चूक सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका लॉनवर गोरज मुहूर्ताचं लग्न होतं, एप्रिलचा शेवट, सकाळपासनं आभाळ स्वच्छ. साडेचारला वारं सुटलं आणि वीस मिनिटांत पाऊस. मंडपाला वरनं नुसतं कापड होतं, त्यात पाणी साठून पोटं आली, एलईडी वॉल बंद करायला लागली, गाद्या भिजल्या, आणि नऊशे माणसं कुठं उभी करायची याचा मी आधी विचारच केला नव्हता. घरच्यांनी मला पत्र्याचं शेड विचारलं होतं, मी म्हणाले होते गरज नाही, फोटोत चांगलं दिसत नाही. शेवटी जेवणाच्या शेडमधनं टेबलं बाहेर काढून तिथं अक्षता टाकल्या, मुहूर्त गेला पंचवीस मिनिटं. नवरीच्या वडिलांनी मला एक शब्द बोलला नाही आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासनं मार्चनंतरच्या प्रत्येक उघड्या लग्नाला माझ्या तक्त्यात लिहिलेलं असतं, दुपारी तीनला आभाळ बघून निर्णय, तो कोण घेणार, आणि आत हलवायचं तर किती माणसं कुठं बसणार. तुमच्या तिन्ही प्लॅनरना हे विचारा. "पाऊस नाही पडत हो" असं उत्तर आलं तर ते मी तेव्हा दिलेलंच उत्तर आहे हे लक्षात ठेवा.

लाईट पण याच्यातच आलं. एकाच जनरेटरवर डॉल्बी, एलईडी वॉल, कूलर आणि भटजींचा माईक असं सगळं टाकतात, डॉल्बीनं लोड ओढला की मंगलाष्टका चालू असताना माईक बंद. जनरेटर किती केव्हीएचा, त्यावर काय काय, आणि माईकची लाईन वेगळी आहे का, एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की तुम्ही बघून आलाय.

आता पैशाचं बोलू, कारण इथं माणसं लाजतात आणि मग फसतात.

प्लॅनर दोन पद्धतीनं पैसे घेतो. एक, ठरलेली फी, किंवा एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के, आणि केटरर्स, मंडप, फोटो यांची बिलं तुम्ही थेट देता. दोन, "सगळं आमच्याकडं, एकच आकडा." दुसऱ्यात डोक्याला त्रास कमी वाटतो खरा, पण त्या एका आकड्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. समजा ताट तुम्हाला ३४० ला सांगितलं आणि केटरर्स प्रत्यक्षात ३०० ला देतोय, तर हजार ताटांमागं ४० हजार तिथंच गेले, आणि वर फी वेगळी. कमिशन घेणं म्हणजे चोरी असं मी म्हणत नाही, धंदा आहे, त्यानं केटरर्सकडनं काम करून घ्यायचं असतं, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण ते तुम्हाला माहीत पाहिजे. "तुमची फी किती आणि वेंडरकडनं तुम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न शांतपणे विचारा आणि गप्प बसा. जो सरळ सांगतो, भले आकडा मोठा असू दे, त्याच्याबरोबर लग्न नीट पार पडतं. जो "आम्ही काहीच घेत नाही, सेवा म्हणून करतो" म्हणतो, त्याचा हिशोब कुठंतरी दुसरीकडं वसूल होतो, बहुतेक वेळा तुमच्या ताटातनंच.

जीएसटी आकड्यात धरलाय का वेगळा, हे कोटेशनवर लिहून घ्या. इव्हेंटच्या कामाला १८ टक्के आहे, म्हणजे तीन लाखाच्या कामाला ५४ हजार वर, आणि हे शेवटच्या आठवड्यात कळलं की घरात वाद होतात. आणि जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा नंबर पाहिजे. नोंदणीच नसलेला माणूस जीएसटी म्हणून पैसे घेऊ शकत नाही. सगळं रोखीत द्या म्हणणाऱ्याला पण जपून, आयकर कायद्यानं एका कार्यासाठी एका माणसाकडनं २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दंड घेणाऱ्यावर बसतो, पण भांडण झालं तर रोखीचा पुरावा तुमच्याकडंही नसतो. बँकेतनं द्या, पावती घ्या.

इसारा, म्हणजे आगाऊ रक्कम, किती द्यायचा असं सगळे विचारतात. मी स्वतः २५ टक्के घेते, मग हळदीच्या महिनाभर आधी एक हप्ता, सामान कार्यालयात उतरलं की एक, आणि शेवटचे १५-२० टक्के लग्न झाल्यावर हिशोबाच्या दिवशी. शेवटचा हप्ता हातात ठेवाच. आधीच ९० टक्के दिले तर लग्नाच्या दिवशी तुमच्या फोनला किंमत राहत नाही. तारीख बदलली, कुणाच्या घरी दुःखद घडलं, तर इसाऱ्याचं काय होणार हे पण दोन ओळींत लिहून घ्या. अशुभ बोलायचं नाही म्हणून लोक हे टाळतात, पण कागदावर असलं की त्या वेळी दुःखात पैशाची बोलणी करायला लागत नाहीत.

ताटांची गॅरंटी, म्हणजे माणसं कमी जेवली तरी जेवढ्या ताटांचे पैसे द्यायचेच तो आकडा, कमी सांगा. हजार-बाराशे माणूस म्हणताय ना, तर पत्रिका किती वाटल्या यावरनं धरू नका. त्या तारखेला आपल्याकडं घरटी तीन-तीन लग्नं असतात, माणूस एका ठिकाणी जेवतो, दुसरीकडं नुसत्या अक्षता टाकून निघतो. हजारला बोलावलं तर गॅरंटी आठशेची द्या आणि वरच्या दोनशेची तयारी ठेवायला सांगा, ताटं मोजायला प्लॅनरचा एक आणि तुमचा एक असे दोघं उभे करा. रिकाम्या ताटांची मोजणी लग्नाच्या रात्रीच झाली पाहिजे, दोन दिवसांनी नाही.

याच्यानंतर मी बघते की प्लॅनर काय विचारतो. पहिल्या भेटीत त्यानं आल्या आल्या टॅब काढून डेकोरचे फोटो दाखवले तर मला तो डेकोरेटर वाटतो, आणि डेकोरेटर वाईट नसतो पण त्याला प्लॅनरचे पैसे कशाला. चांगला माणूस आधी तुमची यादी विचारतो. आपल्याकडं लग्न यादीवर उभं असतं, कुणी काय करायचं, मानपान कुणाचा किती, आहेर कुणाला, जेवण कुणाकडं, हळद कुठं. ती यादी वाचल्याशिवाय ज्यानं बजेट सांगितलं त्यानं अंदाजपंचे सांगितलंय. तुमच्यात देवक कधी बसतं, गोंधळ लग्नाआधी का नंतर, भटजी तुमचे का त्यांचे, सामानाची यादी भटजींकडनं कोण आणणार. सांगली-मिरजेकडं जैन आणि लिंगायत घरं भरपूर, त्यांची पद्धत वेगळी, जैनांकडं सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायला लागतं, कांदा-लसूण, बटाटा चालत नाही, आणि पाव्हण्यांत अशी चार घरं असली तरी त्यांची सोय वेगळी करायला लागते. हे न विचारता सगळ्यांना एकच मेनू आणि एकच वेळ लावणारा माणूस मला मान्य नाही.

सत्काराचं पण विचारा. आपल्या भागात आमदार, सभापती, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन येणार, त्यांचं स्वागत होणार, दोन शब्द होणार, आणि बारा पस्तीसची अक्षता सव्वाला पडणार. निवेदकाच्या हातात माईक आहे पण त्याला आवरायचं कुणी? घरच्यांना ते जमत नाही, संबंध असतात. हे काम प्लॅनरचं. मी निवेदकाला आधीच कागद देते, स्वागत फक्त नावानं, शाल-नारळ अक्षतेनंतर, आणि मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी माईक भटजींकडं. हे तुम्ही कसं करता असं विचारून बघा, ज्यानं खरंच इथली लग्नं केलीत तो लगेच हसून सांगायला लागेल.

वऱ्हाडाच्या गाड्यांचं तसंच. कराडकडनं येणारं वऱ्हाड पेठ नाक्यावरनं आष्ट्यामार्गे आत येणार. मे महिन्यात ऊस संपलेला असतो म्हणून तुम्ही वाचलात, पण डिसेंबर ते मार्च असता तर त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी लागली की पाऊण तास कुठं गेला कळत नाही. मेमध्ये मुहूर्त दाट म्हणजे रस्त्यावर वराती. बस किती वाजता निघाली पाहिजे हे प्लॅनरनं उलटं मोजून सांगायचं असतं, अक्षतेपासनं मागं.

कायद्याच्या दोन-चार गोष्टी भराभर सांगते. उघड्या लॉनवर रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, "आमची ओळख आहे, चालवतो" म्हणणारा पोलीस आल्यावर तुमच्या वडिलांनाच पुढं करतो. गाण्यांच्या लायसन्सचे पैसे म्हणून कुणी आकडा लावला असेल तर काढायला लावा, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्न आणि वरातीला सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्रानं नोटीस काढून ते परत सांगितलंय. लग्नाची नोंद ९० दिवसांच्या आत करायची असते, त्या फॉर्मवर तीन साक्षीदार आणि भटजींची सही लागते, ती त्याच दिवशी घेऊन ठेवा, नंतर भटजी सापडत नाहीत आणि तुमची बहीण पासपोर्टला अडते. आणि प्लॅनरनं मुला-मुलीच्या वयाचा दाखला मागितला तर राग मानू नका. मुलगी १८ आणि मुलगा २१ च्या खाली असेल तर २००६ च्या कायद्यानं लग्न लावून देणाऱ्यांना पण २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मी प्रत्येकाकडनं मागते. एकदा त्याच्यावरनं आलेलं काम सोडलंय आणि त्या पोरीचं लग्न तेव्हा थांबलं याचा मला आजही आनंद आहे.

हळदीबद्दल एक आईच्या मायेनं सांगते. हळदीचा कार्यक्रम आता मोठा झालाय, पिवळं डेकोर, फुलं, सगळं ठीक. पण लावायची हळद कुठनं आणली ते विचारा. २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली हळद आपल्या सांगलीची, पेठेत जाऊन डोळ्यासमोर दळून घ्या, अर्धा-एक किलो बास होते. मी एका ठिकाणी पिवळा रंग मिसळलेली पावडर बघितलीये, नवरीच्या गळ्यावर पुरळ आलं, दुसऱ्या दिवशी दागिने घालताना ती पोरगी रडत होती. एवढ्याशा पैशासाठी असं करायचं नाही.

आता तुमचे तिघं. पुण्याचा प्लॅनर वाईट नसेल, पण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरनं टीम येणार, त्यांचं राहणं-खाणं तुमच्या अंगावर, आणि इथला जनरेटरवाला, इथला आचारी त्याच्या ओळखीचा नाही, ऐनवेळी दोनशे खुर्च्या कमी पडल्या तर तो कुणाला फोन करणार? डेकोर अगदीच वेगळं हवं असेल तर त्याच्याकडनं तेवढंच काम घ्या. कार्यालयाच्या पॅकेजला नाक मुरडू नका, त्यांना स्वतःची जागा, पाणी, पार्किंग सगळं तोंडपाठ असतं, लहान लग्नाला ते उत्तम. पण बाहेरचा केटरर्स किंवा डेकोरेटर आणला तर रॉयल्टी, म्हणजे त्याबद्दल कार्यालयाला द्यायचे जादा पैसे, किती हे लेखी घ्या, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी दुसरं लग्न घेतलंय का हे विचारा, नाहीतर चारला तुमचं सामान बाहेर काढायला सुरुवात होते आणि नवरीची पाठवणी खुर्च्या उचलण्याच्या आवाजात होते. बाराशे माणूस आणि घरचे बागेत, हे बघता मी तुमच्या जागी सांगलीतल्याकडं झुकले असते. पण त्याचं कोटेशन सगळ्यात कमी आहे म्हणताय, तर कमी का आहे ते एकेक ओळ घेऊन विचारा. मला शंका आहे की त्यात जनरेटर, वाढपी आणि जानोसा नसणार, ते नंतर वाढवून लागतील. ते धरून तिघांचा आकडा परत मांडा, मग तुलना करा.

संदर्भ म्हणून तो दोन-तीन नंबर देईल, त्यातल्या नवऱ्यामुलाला फोन करू नका, त्याला त्या दिवसाचं काही आठवत नसतं. नवरीच्या आईला किंवा काकीला करा. "कसं झालं" असं विचारलं तर छान झालं म्हणतील. "शेवटच्या पंगतीला काय उरलं होतं, आणि तुम्ही स्वतः किती वाजता जेवलात?" एवढं विचारा.

तारखा बघता फार दिवस लावू नका. येत्या रविवारी गावाकडं या, आईला घ्या, आणि ज्याचं काम चालू असेल तिथं दुपारी एकला पोचा, गेटनं आत न जाता भटारखान्याच्या बाजूनं. आईला सांगा स्टेज बघायचं नाही. तीन-साडेतीनपर्यंत थांबा, घरी जाताना गाडीत आईला काय वाटलं ते विचारा, आणि त्यातनं काही अडलं तर मला परत कळवा, कोटेशनच्या ओळी पाठवल्या तरी मी बघून सांगेन.